सेमिनारला उभं राहायचंय? आधी पॉपस्टार स्टेजवर काय करतात ते बघा

सेमिनार असो, मिनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू असो नाहीतर बीबीएची केस स्टडी, शेवटी वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं असतं आणि ते कसं बोलायचं हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. शाळेत "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणून झालं की आपलं ट्रेनिंग संपलं. मग सेकंड इयरला एकदम पीपीटी गळ्यात पडते आणि सगळे सीनिअर एकच सल्ला देतात, "कॉन्फिडन्स ठेव." अरे पण तो आणायचा कुठून?

मी या सगळ्यातून गेलेय आणि आता जुनिअर्सचे मॉक सेमिनार ऐकायला बसते, त्यामुळे पोरं नेमकी कुठे अडकतात ते पाठ झालंय. दुसरीकडे मला लाइव्ह कॉन्सर्टचे जुने व्हिडिओ बघायचं वेड आहे. दोन्ही बघून बघून माझं ठाम मत झालंय की पॉपस्टार स्टेजवर जे अगदी सहज करताना दिसतात त्यातलं बहुतेक आधीच ठरलेलं असतं, एंट्री कुठून, गप्प कधी राहायचं, कुठलं गाणं अर्धंच गायचं, शेवट कशाने. कॉन्फिडन्स त्या ठरवण्यातून येतो. म्हणून खाली दिलंय ते सगळं ठरवायच्या गोष्टींबद्दल आहे, आत्मविश्वासाबद्दल नाही.

आधी सामान गोळा करा

- पीपीटी, तिचीच पीडीएफ कॉपी, आणि दोन्ही पेनड्राइव्हवर, शिवाय स्वतःला मेल केलेलं (पेनड्राइव्ह दगा देतो, आणि कॉलेजच्या पीसीवर व्हायरस असतोच)
- लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोजेक्टरला लागणारी पिन. जुन्या सेमिनार हॉलमध्ये अजून व्हीजीए वायर असते, नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, तो छोटा कन्व्हर्टर आधीच कोणाकडून तरी मागून ठेवा
- एका पोस्टकार्डाएवढा कागद, मोठ्या अक्षरात मुद्दे
- मोबाइल, टायमर आणि रेकॉर्डिंगसाठी
- पाण्याची बाटली
- मार्किंगची शीट मिळत असेल तर ती. विषयाला किती मार्क, प्रेझेंटेशनला किती, प्रश्नोत्तरांना किती हे माहीत नसताना तयारी करू नका

१. सेटलिस्ट (कुठली गाणी, कुठल्या क्रमाने, ती यादी) बनवा, म्हणजेच कापा

लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा कॉन्सर्ट, १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, सुमारे ७२,००० माणसं. क्वीन बँडच्या वाट्याला वीसेक मिनिटं आली होती. त्यांच्याकडे तोपर्यंत हिट गाण्यांचा ढीग होता, दोन तासांचा शो आरामात झाला असता. त्यांनी काय केलं, तर 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'सारखं सगळ्यात गाजलेलं गाणं घेतलं आणि त्याचा फक्त सुरुवातीचा भाग वाजवून, मधला ऑपेराचा तुकडा यायच्या आत सरळ पुढच्या गाण्यात उडी मारली. 'वी विल रॉक यू' पण अर्धवटच. असं करत सहा गाणी साधारण २१ मिनिटांत बसवली, आणि त्यासाठी आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये रीतसर तालीम केली. त्या दिवशी बाकीचे दिग्गजही होते पण आज लोकांना आठवतो तो क्वीनचाच सेट. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच, त्यामुळे सातारकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

आता आपल्याकडे बघा. दहा मिनिटं दिलेली असतात आणि पोरगं चोवीस स्लाइड घेऊन येतं. वेळ कमी पडतोय म्हटलं की त्याचा उपाय काय, तर भरभर बोलायचं. नाही रे बाबा, भरभर बोलणं म्हणजे वेळेत बसवणं नव्हे.

उदाहरण घेऊ. सॉइल मॉइश्चर सेन्सरवर चालणारं ठिबक सिंचन, हा प्रोजेक्ट दर बॅचमध्ये किमान एका ग्रुपचा असतोच. नेहमीचा क्रम असा: इंट्रोडक्शन, सिंचनाचा इतिहास, लिटरेचर सर्व्हे तीन स्लाइड, ब्लॉक डायग्राम, प्रत्येक कंपोनंटची एकेक स्लाइड (यात मायक्रोकंट्रोलरच्या पिना मोजून दाखवतात, कशासाठी ते देव जाणे), फ्लोचार्ट, कोड, फोटो, ॲडव्हान्टेजेस, डिसॲडव्हान्टेजेस, फ्युचर स्कोप, कन्क्लुजन. यातला समोरच्याला रस असलेला भाग म्हणजे "हे चालतं का" आणि तिथे पोचेपर्यंत नववं मिनिट लागलेलं असतं.

कापून काय उरेल: अडचण काय होती (१ मिनिट), आम्ही काय बनवलं, एका डायग्राममध्ये (२ मिनिटं), चालतानाचा डेमो किंवा व्हिडिओ (२ मिनिटं), आकडे काय आले (२ मिनिटं), कुठे फसतं (१ मिनिट), शेवट (अर्धा मिनिट). उरलेलं दीड मिनिट मोकळं ठेवा, ते कुठे जातं कळत नाही पण जातं. लिटरेचर सर्व्हे कंपल्सरी असेल तर एकच स्लाइड, एकच वाक्य: आधीच्यांनी हे केलं, त्यात हे राहिलं, ते आम्ही धरलं. बाकी सगळ्या स्लाइड फाइलच्या शेवटी, "थँक यू"च्या मागे लपवून ठेवा, प्रश्न आला की काढायच्या. सरांना वाटतं पोरगं तयारीत आलंय.

२. पहिलं अर्धं मिनिट लिहून काढा

बाकी काही शब्दशः पाठ करू नका पण पहिली तीन-चार वाक्यं करा, कारण सगळ्यात जास्त तंतरते ती तिथेच.

आणि सुरुवात "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स, टुडे आय ॲम गोइंग टू प्रेझेंट" अशी करायची नाही. नमस्कार करा, नाव सांगा, झालं. मग थेट मुद्दा. वरच्याच प्रोजेक्टची सुरुवात अशी करून बघा: "शेतीपंपाला बऱ्याच गावांत रात्रीच लाइट येते. शेतकरी थंडीत, अंधारात, साप-विंचवाची भीती घेऊन मोटर चालू करायला जातो आणि पाणी पुरेसं झालं की नाही ते कळायला पुन्हा जातो. आम्हाला त्याची दुसरी चक्कर वाचवायची होती." एवढ्यावर मागच्या बाकावरचा मोबाइलमधून मान वर करतो, कारण त्याचे वडील किंवा काका हेच करत असतात.

दुसरी गोष्ट, उभं राहिल्या राहिल्या बोलायला लागू नका. मायकल जॅक्सनचा १९९३च्या सुपर बोलचा हाफटाइम शो बघा, अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मध्यंतराला असतो तो. स्टेजखालून उडी मारून वर येतो आणि मग जवळजवळ दीड मिनिट नुसता उभा. हलत पण नाही. स्टेडियम वेडं होतं. तुम्ही दीड मिनिट उभे राहिलात तर सर विचारतील बरं वाटत नाहीये का, पण तीन सेकंद चालतात. जागेवर जा, पाय टेका, समोर बघा, एक श्वास, मग पहिलं वाक्य. या तीन सेकंदांत वर्ग आपोआप शांत होतो, "सायलेन्स प्लीज" म्हणावं लागत नाही.

३. प्रॅक्टिस उभ्याने आणि मोठ्याने

गादीवर लोळत स्लाइड पुढेमागे करणं ही प्रॅक्टिस नाही. टेलर स्विफ्टचा इराज टूर मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ चालला, एकेक शो तीन तासांच्या वर. त्याची तयारी तिने सहा महिने आधी सुरू केली होती आणि तिनेच मुलाखतीत सांगितलंय की ती रोज ट्रेडमिलवर पळत पळत अख्खी सेटलिस्ट मोठ्याने गायची, फास्ट गाण्याला पळायचं, स्लो गाण्याला चालायचं. कारण उघड आहे, शोमध्ये गाताना दम लागणार, मग घरी दम न लागता गाऊन काय उपयोग.

आपल्याला ट्रेडमिल नको. पण ज्या अवस्थेत बोलायचंय त्या अवस्थेत प्रॅक्टिस हवी, म्हणजे उभं राहून, बूट घालून, टायमर लावून, हाताने स्लाइड बदलत, आणि मुख्य म्हणजे अडखळलं तरी पहिल्यापासून सुरू न करता पुढे रेटत. सगळे काय करतात, अडखळले की पुन्हा पहिल्या स्लाइडवर, त्यामुळे पहिल्या तीन स्लाइड घासूनपुसून लख्ख आणि शेवटच्या पाच कधी तोंडातून गेलेल्याच नाहीत. एकदा तरी शेवटून सुरू करा.

होस्टेलला जागा नसेल तर गच्चीवर जा. घरी असाल तर आईला किंवा आजीला बसवा, विषय कळत नसलेला माणूस उत्तम, तो कुठे जांभई देतो ते लक्षात ठेवा.

४. स्वतःचा व्हिडिओ बघा

कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण बियॉन्सेबद्दल हे प्रसिद्ध आहे की शो संपला की ती त्याच शोचं रेकॉर्डिंग बघते, स्वतःच्या, डान्सर्सच्या, लायटिंगच्या चुका लिहून काढते आणि टीमला नोट्स देते. तिला गरज पडते तर आपल्याला नक्कीच पडते.

बघताना फक्त तीन गोष्टी बघा. एक, आवाज बंद करून बघा: हात काय करतायत? अंगठी फिरवणं, ओढणीचं टोक, पेनाची टकटक. दोन, स्क्रीन न बघता नुसतं ऐका: "म्हणजे", "ॲक्च्युअली", "सो बेसिकली" किती वेळा येतंय. तीन, तुम्ही पब्लिककडे बघताय की भिंतीवरच्या स्लाइडकडे. एका वेळी एकच सवय सुधारा, सगळ्या एकदम सुधारायला गेलात तर रोबोट दिसाल.

५. साउंडचेक

कुठलाही बँड दुपारी येऊन साउंडचेक केल्याशिवाय संध्याकाळी वाजवत नाही. आपण मात्र नाव पुकारल्यावर लॅपटॉप उघडतो, मग अपडेट सुरू होतं. आदल्या दिवशी नाहीतर सकाळी लवकर, हॉल रिकामा असताना जाऊन बघा:

- लॅपटॉप जोडल्यावर पडद्यावर दिसतंय का. दिसत नसेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा
- मराठी फॉन्ट. ज्यांनी श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय त्यांचं दुसऱ्या मशीनवर चिन्हांचं कडबोळं होतं. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ जवळ ठेवाच
- व्हिडिओचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून येतोय की लॅपटॉपमधूनच
- शेवटच्या बाकावर बसून स्वतःची स्लाइड वाचा. पिवळ्यावर पांढरं, निळ्यावर लाल असलं काही केलं असेल तर दुपारच्या उजेडात काहीही दिसणार नाही
- व्हॉट्सॲप वेब लॉगआउट. का ते सांगायची गरज नाही, प्रत्येक कॉलेजात एक किस्सा असतो

माइक असेल तर तो हनुवटीपाशी, तोंडाच्या थोडा खाली धरा आणि मान वळवली की माइकही वळवा. फुंकर मारून किंवा टकटक करून चेक करू नका, सरळ बोलून बघा. आणि माइक घेऊन स्पीकरच्या समोर जाऊ नका, कानठळ्या बसवणारी शिट्टी येते ती त्यामुळेच.

६. समोरच्यांना कामाला लावा

पुन्हा वेम्बली. दोन गाण्यांच्या मध्ये फ्रेडी नुसता "एऽओ" अशी तान घेतो, लोक तीच परत देतात. मग थोडी लांब, लोक पुन्हा देतात. मग अवघड, वळणावळणाची, तरीही देतात, आणि मग तो हसून थांबतो. बारकाईने बघा, त्याने सुरुवात अशा सोप्या सुराने केली की अजिबात गाता न येणाऱ्यालाही जमावी. अवघड नंतर आलं.

आपण उलटं करतो. सुरुवातीलाच विचारतो, "कॅन एनिबडी टेल मी व्हॉट इज मशीन लर्निंग?" सन्नाटा. लोकांना उत्तर येत नाही असं नाही, पण चुकलो तर हसतील ही भीती. त्याऐवजी हात वर करण्यापुरतं विचारा: "ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हात वर करा." "आज सकाळी कोणाकोणाचा अलार्म वाजूनही उठायला झालं नाही?" प्रश्न विषयाशी जोडलेला पाहिजे, उगाच नको. विचारल्यावर स्वतःचाही हात वर करा, लोक करतात. आणि हात मोजल्यावर त्या उत्तराचं काहीतरी करा, "म्हणजे अर्ध्या वर्गाला हे माहितीये, मग मी ही स्लाइड सोडते" असं. नाहीतर विचारलंच कशाला.

नजर शेवटच्या रांगेपर्यंत न्या. पहिल्या बाकावरच्या स्कॉलर मैत्रिणीकडेच बघून बोलणं सेफ वाटतं खरं, पण मार्क देणारे सर बहुतेक वेळा मागे बसतात.

७. पोटात गोळा आला तर

येणारच. ॲडेलला स्टेजची इतकी भीती वाटते की त्यापायी उलटी झाल्याचं तिनेच मुलाखतीत सांगितलंय, आणि तरी ती गाते.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगून काही होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली यावर पेपर छापलाय. त्यात लोकांना चक्क कराओके गायला लावलं होतं, गाण्याआधी काहींनी मोठ्याने म्हणायचं "मी एक्साइटेड आहे", काहींनी "मला टेन्शन आलंय". एक्साइटेडवाले जास्त सुरात गायले. भाषणाच्या प्रयोगातही "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी एक्साइटेड आहे" म्हणणारे सरस ठरले. छाती धडधडणं दोन्हीकडे सारखंच, तिला नाव काय द्यायचं एवढाच फरक. फुकटात आहे, करून बघा.

आणि हातात कागद ठेवायची लाज बाळगू नका. बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गाताना शब्द विसरली, ते इतकं मनाला लागलं की बरीच वर्षं ती मोठ्या कॉन्सर्टपासून लांबच राहिली, आणि १९९४च्या टूरला परत आली ती टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे शब्द दाखवणारा पडदा, लावून. तिकिटं तरीही हातोहात खपली. फक्त कागदावर वाक्यं लिहू नका, मुद्दे लिहा, नाहीतर मान वर येणार नाही.

८. फसलंच तर

२०१७च्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात ॲडेल गायक जॉर्ज मायकलला श्रद्धांजली म्हणून त्याचं गाणं गात होती. काही ओळींनंतर सूर बरोबर लागत नाहीये हे तिच्या लक्षात आलं, लाइव्ह टीव्हीवर थांबली, माफी मागितली, त्याच्यासाठी हे बिघडवून चालणार नाही म्हणाली आणि पहिल्यापासून गायली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

म्हणजे मोठा घोळ झाला, चुकीचा आकडा सांगितला वगैरे, तर एका वाक्यात दुरुस्त करा: "सॉरी, हा आकडा चुकला, बरोबर असा." छोटा घोळ, एखादा शब्द विसरलात, तर काहीच बोलू नका, तुमची स्क्रिप्ट कोणाकडेही नाहीये, कोणाला कळणार? लाइट गेली तर फळ्यावर डायग्राम काढून चालू ठेवा. प्रिन्सने २००७च्या सुपर बोलला मायामीत धो धो पावसात, निसरड्या स्टेजवर, हिल्सचे बूट घालून अख्खा शो केला आणि आज तो शो पावसासकटच आठवतो.

९. ग्रुप असेल तर

चार जण असतील तर चौघांनी सारखंच बोललं पाहिजे असा नियम कुठे नसेल तर लादून घेऊ नका, पण प्रत्येकाला एक पूर्ण मुद्दा द्या. "आता पुढचं माझी मैत्रीण सांगेल" म्हणून क्लिकर ढकलायचा नाही. पुढच्याच्या मुद्द्यावर आणून सोडा: "सेन्सर बसवला, पण पावसात तो खोटं रीडिंग द्यायला लागला. त्याचं काय केलं ते ही सांगते." आणि एक जण बोलत असताना बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. मागचे डान्सर छताकडे बघत उभे राहिलेत असं कधी बघितलंय?

१०. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवू नका

मिली व्हॅनिली नावाच्या जोडीला फेब्रुवारी १९९०मध्ये ग्रॅमी मिळालं, बेस्ट न्यू आर्टिस्टचं. आदल्या वर्षी एका शोमध्ये त्यांची टेप अडकून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली होती, तेव्हाच कुणकुण लागलेली. नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं की रेकॉर्डवरचा आवाजच त्यांचा नव्हता, आणि ग्रॅमी काढून घेतलं.

सीनिअरची पीपीटी नाव बदलून आणणारे आणि चॅटजीपीटीकडून अख्खं प्रेझेंटेशन लिहून घेणारे, तुमची टेप प्रश्नोत्तरांत अडकते. स्लाइडवर "रोबस्ट अँड स्केलेबल आर्किटेक्चर" असतं, मॅडम शांतपणे विचारतात, "स्केलेबल म्हणजे नेमकं काय रे?" झालं. मदत घ्या, पण जो शब्द स्वतःच्या भाषेत समजावता येत नाही तो स्लाइडवरून उडवा. मराठी किंवा मिक्स बोललं तर चालतं का हे गाइडला आधी विचारून घ्या, बऱ्याच जणांना चालतं, आपणच उगाच घाबरून तुटक्या इंग्लिशमध्ये शिरतो.

११. शेवटची ओळ आणि प्रश्न

क्वीनने त्या दिवशी शेवटाला 'वी आर द चॅम्पियन्स' ठेवलं होतं, अख्ख्या स्टेडियमला येणारं गाणं. आपला शेवट म्हणजे गुलाबाच्या फोटोवर "थँक यू" आणि "दॅट्स ऑल" म्हणून पळ. शेवटचं वाक्य पहिल्यासारखंच लिहून पाठ करा आणि त्यात तुमचा मुख्य निकाल असू द्या. पडद्यावर गुलाब नको, रिझल्टचा ग्राफ राहू द्या, प्रश्न त्यावरच येतात आणि त्यांची उत्तरं तुम्हाला येत असतात.

प्रश्न पूर्ण ऐका, एकदा स्वतःच्या शब्दांत परत म्हणा (विचार करायला पाच सेकंद मिळतात), मग उत्तर. येत नसेल तर "हे आम्ही तपासलं नाही" एवढंच, गोल गोल फिरवू नका, सरांनी अशी फिरवाफिरवी आयुष्यभर बघितलीये. "हे मोजायचं झालं तर असं मोजू" एवढं जोडता आलं तर जोडा, त्याला बऱ्याचदा मार्क मिळतात.

मग खाली येऊन बसा, आणि पुढच्या ग्रुपचं प्रेझेंटेशन चालू असताना आपापसात "तू ती स्लाइड का सोडलीस" हे भांडण करू नका, ते कॅन्टीनमध्ये करा.